१८६३ ची न्यूयॉर्कची दंगल: राग सैन्यभरतीचा, मग मार काळ्यांना का?

गुहागरचा_खलाशी:
गेल्या ट्रिपला न्यूयॉर्कला चार तास शोअर लीव्ह मिळाली, फिफ्थ अव्हेन्यूला ४३व्या रस्त्यापाशी हॉटडॉग खाल्ला, आणि नंतर वाचतो तर तिथंच जुलै १८६३ मध्ये जमावाने काळ्या मुलांचं अनाथालय जाळलेलं. आत २३३ पोरं होती, वेळेत बाहेर काढली म्हणून वाचली. राग अमेरिकेतल्या यादवी युद्धासाठीच्या सक्तीच्या भरतीचा ना, मग पोरांवर कशाला? आणि चार दिवसांच्या दंगलीने एवढं शहर बदलतं का?

बंदरावरचा_बाबू:
बदलतं. ३०० डॉलर भरले की भरतीतून सुटका, म्हणजे साध्या हमालाची वर्षभराची कमाई. काळ्यांना नागरिकच मानत नव्हते, त्यामुळे भरतीसाठी चिठ्ठ्या काढायचे त्या सोडतीत त्यांचं नावच नाही. गोदीतल्या आयरिश हमालांना वाटलं आपण मरायला जायचं आणि गुलाम सुटून आले की आपलंच काम घेणार. खुन्नस आधीचीच, संपात काळे मजूर आणले होते ना. शंभरावर माणसं गेली त्यात, काहींना दिव्याच्या खांबाला लटकवलं.

मालवणी_गजाल:
पण भरती काय थांबली नाय हा, ऑगस्टात फौजेच्या पहाऱ्यात परत सोडत काढली. टॅमनीवाल्या, म्हणजे शहरातल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या गटाच्या, पुढाऱ्यांनी गरिबांच्या सुटकेचे पैसे सरकारी कर्जातून भरायची सोय केली, मतं पक्की.

बंदरावरचा_बाबू:
तेच तर, गोऱ्या गरिबांना काहीतरी मिळालं. काळ्यांना घरमालक जागा देईनात, गोदीवर उभं करीनात. १८६० ला शहरात काळे १२ हजारांवर होते, १८६५ ला १० हजारांच्या आत. बरेच ब्रुकलिनला गेले, ते तेव्हा वेगळं शहर होतं. मार्च १८६४ ला काळ्यांची पलटण त्याच रस्त्यांवरून वाजतगाजत गेली ते खरं, पण पलटण गेली युद्धावर, गोदीतलं काम काय परत मिळालं नाही.

दापोली_कॅम्प:
आपल्याकडे बरोब्बर उलटं बघा. इंग्रजांनी महारांची भरती बंद केली तेव्हा महाडच्या रावढळचे, पलटणीतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर १८९० च्या दशकात अर्ज लिहीत होते की आम्हाला परत घ्या. पलटण म्हणजे पगार, पेन्शन, पोरांना शाळा. इथल्या कॅम्पात पेन्शनरांची वस्तीच होती.

गुहागरचा_खलाशी:
हे डोक्यातच नव्हतं आलं. ब्रुकलिनला त्यातलं काही शिल्लक आहे का?

बंदरावरचा_बाबू:
वीक्सव्हिल म्हणून वस्ती होती, पळालेल्यांनी तिथं आसरा घेतला. चारेक जुनी लाकडी घरं जपलीयत. फोटो टाक.

गुहागरचा_खलाशी:
नोव्हेंबरात जॉइनिंग आहे, कॅप्टनने पास दिला तर जातो.