त्रास तोच, अर्थ वेगळा

शाळेत मुलं एकमेकांना चिडवतात त्याबद्दल 'मन खंबीर असेल तर चिडवण्याचा त्रासच होत नाही' असं काहीजण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. त्रास सगळ्यांना होतो. त्याचा अर्थ आपण काय लावतो, तिथे फरक पडतो. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड येगर, कॅरल ड्वेक आणि सहकाऱ्यांच्या २०१३च्या अभ्यासात काही किशोरवयीन मुलांना 'माणसाचा स्वभाव बदलू शकतो' हे थोड्या सत्रांतून शिकवलं होतं. पुढे एका खेळातून मुद्दाम वगळल्यावर ती इतरांपेक्षा कमी आक्रमक वागली. (आक्रमकता मोजली कशी, तर तिखट न आवडणाऱ्याला मुलं किती तिखट सॉस वाढतात यावरून!)

'मी मुळातच नेभळट, तो मुळातच दुष्ट' असं एकदा ठरलं की सूड तरी घ्यायचा, नाहीतर गप्प बसायचं. मी गप्प बसलो. वर्गातला एकजण माझ्या तोतरेपणाची नक्कल करायचा आणि मला वाटायचं, बरोबरच आहे त्याचं. बाईंना सांगता येईल, हे सुचायलाच दोन वर्षं गेली.

एक मात्र खटकतं. असलं काही वाचून लोक छळ सोसणाऱ्या मुलालाच 'दृष्टिकोन बदल' म्हणून ऐकवतात. अहो, आधी त्या नक्कल करणाऱ्याला तरी थांबवा!