पोरीला फुकट, पोराला पास, पण गाडीच येत नाही त्याचं काय?

माणदेशी_बाप: पोरगी नववीत, पोरगा अकरावीत, दोघं एकाच एसटी गाडीनं तालुक्याला. पोरीला अहिल्याबाई होळकर योजनेचा पास, शून्य रुपये. पोराला ६६.६७ टक्के सवलत, म्हणजे तिसरा हिस्सा भरायचा, आणि जानेवारी २०२५ ला भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं तसा तोही वाढला. पोरीच्या पासबद्दल तक्रार नाही हां, आमच्या गावातल्या कितीतरी पोरी त्या पासमुळंच पुढं शिकल्या. पण पोरगा म्हणतो पप्पा मी तिच्याच शेजारी बसतो की, मग मला पैसे का? काय सांगू त्याला? आणि खरं दुखणं पुढंच आहे, सकाळची सव्वासातची आठवड्यातनं दोनदा तरी कॅन्सल, मग दोघांना वडापनं, म्हणजे खासगी जीपनं घालवायचं, एका बाजूचे माणशी ३० रुपये. पास दप्तरात आणि वर रोख ६०.

जुना_कंडक्टर: २२ वर्षं तिकिटं फाडली, आता रिटायर. सवलतीचे पैसे सरकार भरून देतं पण ते नंतर आणि वर महामंडळाला, आगारात रोज बघतात किलोमीटरमागं रोख किती आली. शाळेच्या फेरीत सगळे पासवाले, मशीनमधे काय दिसणार? म्हणून गाडी कमी पडली की आमच्याकडं पहिली कात्री तिथंच लागायची. उपाय सांगतो, मुक्कामी गाडी मागा. रात्री गावातच थांबली तर सकाळी निघणारच, आगारातनं यायचा प्रश्नच नाही. ग्रामपंचायतीचा ठराव घ्या, हेडमास्तरांकडनं गावनिहाय पासवाल्या पोरांचा आकडा घ्या आणि आगारप्रमुखांना द्या, एक कॉपी विभाग नियंत्रकांना. फक्त ड्रायव्हर कंडक्टरला झोपायला खोली, पाणी, संडास पाहिजे. मी जिथं मुक्काम केला त्यातल्या दोन गावांचा मुक्काम केवळ संडास नाही म्हणून बंद पडलेला.

हिंगोलीकर: आमच्याकडे सरकारच्या मानव विकास योजनेच्या निळ्या एसटी गाड्या आहेत, पोरींसाठी, आठवी ते बारावी. चांगलंच आहे ते. पण अर्धी रिकामी गाडी समोरून जाते आणि भाऊ थांब्यावर उभा, हे पण रोजचंच.

एफवाय_वाली: काका बारावीनंतर पोरीचं फुकट पण संपतं बरं का. मी आता तिसरा हिस्सा भरते. महिलांचं अर्धं तिकीट आहे ना २०२३ पासून, मग पास कशाला असं सगळे विचारतात, पण रोज जायचं तर पासच स्वस्त पडतो. पैशाचं एवढं नाही वाटत मला. शेवटची गाडी साडेचारला आणि प्रॅक्टिकल संपतं पाचला, मग मी दर गुरुवारी अर्ध्यातूनच उठून पळते.

माणदेशी_बाप: कंडक्टर भाऊ, समाजमंदिराची खोली आहे, नळ पण आहे. संडास आहे पण त्याला दार नाही. उद्या सरपंचांना गाठतो, नाहीतर दार मीच बसवतो, चार दिवसांच्या वडापात निम्मे पैसे निघतील.

जुना_कंडक्टर: कडी आतनं लावा 😄