गोल चौकातली लेन तुम्ही कशी निवडता? अनुभव सांगा

माझी भाची गाडी शिकते आहे. चढावर गाडी उचलणं, रिव्हर्स, पार्किंग, सगळं जमायला लागलंय. पण दोन लेनचा गोल चौक दिसला की ती स्टिअरिंग आवळून धरते. परवा आत शिरल्यावर तिच्या लक्षात आलं की आपल्याला उजवीकडच्या रस्त्याला लागायचंय आणि आपण तर बाहेरच्या लेनमध्ये आहोत. तिने तिथेच ब्रेक दाबला. मागची गाडी हातभर अंतरावर कशीबशी थांबली. कुणाला काही झालं नाही, पण तेव्हापासून ती चौक टाळून लांबच्या रस्त्याने जायचा हट्ट धरते.

"मामा, तुला कसं कळतं कुठली लेन घ्यायची?" तिने विचारलं, आणि वीस वर्षं गाडी चालवूनही मला तिला धड उत्तर देता आलं नाही. हाताला सवय आहे, ती शब्दांत मांडता येईना. म्हणून हा धागा. नियम पुस्तकात मिळतात. मला हवंय ते तुमचं: कुठे चुकलात, काय केल्यावर जमलं.

एक विनंती. तुमच्याकडे गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने धावतात की उजव्या, ते लिहा. आमच्याकडे डावी बाजू, म्हणजे चौकात घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरायचं आणि मधलं बेट उजव्या हाताला राहतं. उजव्या बाजूच्या देशांत हे सगळं उलट. गोंधळ नको म्हणून बेटाला लागून असलेल्या लेनला 'आतली' म्हणू आणि कडेच्या लेनला 'बाहेरची'.

गाडी शिकवणारी

डावी बाजू. अकरा वर्षं शिकवते आहे आणि तुमच्या भाचीसारखे विद्यार्थी दर महिन्याला भेटतात. तिचा घोटाळा चौकात झालाच नाही, चौकाच्या शंभर मीटर अलीकडे झाला. तिथे तिने लेन ठरवली नव्हती.

मी कागदावर घड्याळ काढते. आपण सहाच्या आकड्याकडून येतो. जायचा रस्ता बारापर्यंत कुठेही असेल, म्हणजे डावीकडे किंवा सरळ, तर बाहेरची लेन. बाराच्या पुढे असेल, म्हणजे उजवीकडे किंवा यू-टर्न, तर आतली. विद्यार्थ्याने फलक दिसताच मोठ्याने म्हणायचं: "तीन वाजता, आतली लेन." तोंडाने म्हटलं की हात गोंधळत नाहीत, हे मी पुन्हापुन्हा पाहिलंय.

मग इंडिकेटर. उजवीकडे जायचं तर शिरण्याआधीपासून उजवा. सरळ जायचं तर शिरताना कुठलाच नाही. बाहेर पडताना मात्र सगळ्यांनी डावा, आणि तोही आपल्या आधीचा रस्ता मागे पडल्यावरच. आधीच दिलात तर त्या आधीच्या रस्त्यावर थांबलेल्याला वाटतं तुम्ही इकडेच वळताय, आणि तो तुमच्यासमोर गाडी घालतो.

आणि तिला हे नक्की सांगा: लेन चुकली तर चौकात थांबायचं नाही, आडवं तोडून दुसऱ्या लेनमध्ये घुसायचंही नाही. ज्या लेनमध्ये आहोत ती जिथे बाहेर काढेल तिथे बाहेर पडायचं आणि पुढे जागा बघून गाडी वळवून यायचं. आतल्या लेनमध्ये असाल आणि एक्झिट हुकली तर आणखी एक फेरी मारायची. फेरीला अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही. ब्रिटनच्या ड्रायव्हिंग परीक्षेतही रस्ता चुकल्याबद्दल गुण कापत नाहीत. चुकीच्या रस्त्याने का होईना, नीट गेलात ना, एवढंच परीक्षक बघतात. हे ऐकल्यावर माझ्या कित्येक विद्यार्थ्यांचे खांदे सैल पडलेत.

दार चेपलेला

डावी बाजू. वरचं घड्याळ बरोबर आहे, पण जमिनीवरचे बाण त्याच्याहून वरचढ असतात, हे मला जरा मोठ्या अक्षरांत सांगावंसं वाटतं.

मी रोज जायचो त्या चौकात बाहेरच्या लेनवर 'डावीकडे आणि सरळ' असा बाण होता, आतल्या लेनवर 'सरळ आणि उजवीकडे'. म्हणजे सरळ जायला दोन्ही लेन चालतात. मी आतल्या लेनमधून सरळ बाहेर पडत होतो. माझ्या डाव्या हाताला बाहेरच्या लेनमध्ये एक गाडी होती. ती सरळ न जाता तशीच गोल फिरत राहिली, तिला उजवीकडे जायचं होतं. मी बाहेर पडायला वळलो आणि तिचा पुढचा कोपरा माझ्या डाव्या दारात शिरला. मागच्या सीटवर माझा मुलगा होता. सुदैवाने तो उजव्या खिडकीशी बसला होता.

चूक समोरच्याची ठरली, दाराचे पैसेही मिळाले. पण त्या रात्री मी जागा होतो. बाण माझ्या बाजूने होता, आणि मी डावा आरसा पाहिलेला नव्हता. तेव्हापासून आतल्या लेनमधून बाहेर पडताना आरसा बघतो, मग मान वळवून खांद्यावरून बघतो. शेजारी गाडी असेल आणि ती काय करणार याचा अंदाज नसेल, तर मी बाहेर पडत नाही, पुढे जातो. मुळात कुणाच्या अगदी शेजारून चौकात फिरायचंच नाही, थोडं पुढे नाहीतर थोडं मागे राहायचं.

धागाकर्ता

दारवाले, मनापासून लिहिलंत. आमच्या चौकातले बाण मी आज मुद्दाम पायी जाऊन पाहिले. आतल्या लेनवर फक्त उजवीकडचा बाण आहे. इतकी वर्षं मी तिथून सरळ जात आलोय.

अठरा चाकं

डावी बाजू. मोठा ट्रेलर चालवतो. आमच्याबद्दल एक गैरसमज आहे, तो दूर व्हावा. आम्ही दोन्ही लेन अडवून चौकात शिरतो तेव्हा ती दांडगाई नसते. लांब गाडी वळते तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत, आतल्या बाजूला कापत जातात. मी इमानाने बाहेरच्या लेनमध्ये राहिलो तरी ट्रेलरचं मागचं टोक आतल्या लेनवर येतं. तिथे तुमची गाडी असेल तर मला ती आरशात दिसेलच असं नाही.

काही चौकांत बेटाभोवती फरसबंदीचा किंचित उंच पट्टा असतो. तो शोभेचा नाही, आमच्या मागच्या चाकांसाठी बांधलेला असतो. छोट्या गाड्यांनी त्यावरून जायचं नसतं. ट्रेलर चौकाकडे येताना दिसला तर त्याच्या शेजारी रांग लावू नका. मागे थांबा. दहा सेकंद जातील.

देश बदललेली

आता उजवी बाजू, आधी डावी. पहिले दोन महिने मी मनातल्या मनात प्रत्येक सूचना उलटी करत होते आणि दमून जायचे. मग 'डावं-उजवं' हे शब्दच सोडून दिले. जवळच्या रस्त्याला जायचं तर बेटापासून दूर, लांबच्या रस्त्याला जायचं तर बेटाजवळ. हे दोन्हीकडे लागू पडतं. शिरताना गाड्या कुठून येतात तिकडे बघायची सवय मात्र फार उशिरा बदलली. डावीकडे बघायचं असताना मान उजवीकडे वळायची. अजूनही प्रत्येक चौकाच्या तोंडाशी मी दोन्हीकडे बघते.

नकाशा ऐकणारा

डावी बाजू. फोनमधला आवाज "तिसरी एक्झिट" म्हणतो तेव्हा मोजायचं काय? चौकाला जोडलेला एखादा रस्ता फक्त आत येण्यासाठी असतो, तिथून बाहेर जाता येत नाही. मी तोही मोजायचो आणि एक रस्ता आधीच बाहेर पडायचो. आता चौकाआधीच्या मोठ्या फलकावरचं चित्र बघतो, त्यात माझ्या गावाचं नाव कुठल्या फाट्यावर लिहिलंय ते लक्षात ठेवतो आणि आवाजाकडे दुर्लक्ष करतो. पावसाळी रात्री जमिनीवरचे बाण पाण्याखाली चमकून दिसेनासे होतात, तेव्हाही तोच फलक उपयोगी पडतो.

रस्ते आखणारी

माझं कामच हे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

साध्या चार रस्त्यांच्या चौकात गाड्यांचे मार्ग एकमेकांना ३२ ठिकाणी छेदतात किंवा मिळतात. एक लेनच्या गोल चौकात अशी ठिकाणं फक्त ८ राहतात. म्हणून तो इतका सुरक्षित. दुसरी लेन घातली की जास्त गाड्या मावतात, पण टकरीची ठिकाणंही वाढतात, आणि ती वाढतात ती नेमकी लेनपायी: फिरताफिरता लेन सोडणं, चुकीच्या लेनमधून वळणं, बाहेर पडणाऱ्याच्या समोर शिरणं. भाचीला वाटणारी भीती खोटी नाही. आमचे आराखडेही त्याच जागांभोवती घुटमळतात.

गोल चौक जुने आहेत, पण आजचा चौक खऱ्या अर्थाने चालू लागला तो ब्रिटनमध्ये १९६६ साली, 'आत शिरणाऱ्याने आत फिरणाऱ्याला वाट द्यायची' हा नियम आल्यावर. त्याआधी शिरणारे फिरणाऱ्यांना अडवत आणि गर्दीत चौक स्वतःलाच कुलूप लावून बसे. पॅरिसच्या विजयकमानीभोवतीच्या चौकात अजूनही शिरणाऱ्याला प्राधान्य आहे, १२ रस्ते येऊन मिळतात आणि लेनच्या रेषा नाहीत. तिथे मी एकदा अर्धा तास नुसती उभी राहून बघत होते. फिरणारेच थांबून वाट देत होते. याच्या उलट इंग्लंडमधल्या स्विंडनचा १९७२चा चौक: पाच छोटे गोल चौक एका मोठ्या वर्तुळावर बसवलेले. दुरून भयंकर दिसतो, पण गाडी चालवणाऱ्याला एका वेळी एकच छोटा चौक सोडवायचा असतो.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो नेदरलँड्समध्ये १९९०च्या दशकात निघालेला टर्बो प्रकार. त्यात लेनच्या मधे उंचवटा असतो, आत शिरल्यावर लेन बदलताच येत नाही. लेन गोगलगायीच्या शंखासारखी उलगडत जाते आणि तुम्हाला तुमच्या रस्त्यावर आणून सोडते. निवड जी काय करायची ती शिरण्याआधी, बाहेर उभ्याने. शिकवणाऱ्या ताई जे तोंडाने म्हणून घेतात, ते त्या चौकात सिमेंटने लिहिलेलं असतं.

सायकलवर

डावी बाजू. मी सरळ जाताना बाहेरच्या लेनच्या मधोमध चालते, कडेने नाही. कडेला गेले की गाड्या ओलांडून पुढे येतात आणि लगेच बाहेर पडायला माझ्यावरूनच वळतात. मधोमध असले की मागचा थांबतो. वेग तसाही तिशीच्या आसपासच असतो, तेव्हा मागच्याचं फार काही अडत नाही.

रुग्णवाहिका चालवणारा

भोंगा ऐकून लोक घाबरून चौकाच्या आतच थांबतात आणि मग मलाच जागा उरत नाही. आत असाल तर आपल्या एक्झिटने बाहेर पडा आणि मग कडेला घ्या. अजून शिरला नसाल तर शिरू नका.

धागाकर्ता

सगळं छापून तिला दिलं. ट्रेलरवाल्यांचं तिने दोनदा वाचलं.

रविवारी पहाटे, रस्ता मोकळा असताना, आम्ही गेलो. फलक दिसला तशी ती म्हणाली, "तीन वाजता, आतली." बाण पाहिला, उजवा इंडिकेटर दिला, शिरली. बाहेर पडायच्या वेळी शेजारी एक दुधाची गाडी आली. तिने आरसा पाहिला, मान वळवली आणि बाहेर पडली नाही. मी काही बोललो नाही. दुसऱ्या फेरीत आधीचा रस्ता मागे पडल्यावर डावा इंडिकेटर लागला, आणि आम्ही बाहेर आलो. मग तिने पुढून गाडी वळवली आणि म्हणाली, "परत एकदा."