मदत हवी आहे: नवऱ्याचं घर सोडून आलेल्या बहिणीला मनाने कसं सावरू? (पुणे)

नमस्कार. माझी मावसबहीण नवऱ्याची मारहाण आणि संशय बरीच वर्षं सोसून दिवाळीनंतर मुलीला घेऊन आमच्याकडे कोथरूडला आली आहे. कायद्याची बाजू मार्गी लागतेय. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यांना भेटलो, शिवाजीनगर कोर्टात अर्ज गेलाय, वकीलबाई चांगल्या आहेत. प्रश्न तिच्या मनाचा आहे.

तिला झोप नाही. जिन्यात पावलं वाजली की हातातलं काम तसंच राहतं. भाजी आणली की कागदावर 'मेथी १५, कोथिंबीर १०' असं लिहून तो कागद ओट्यावर ठेवते. तिकडे रोज हिशोब द्यावा लागायचा. इथे कुणी मागत नाही, सांगूनही झालं, तरी लिहिते. 'माझंच काहीतरी चुकलं असेल' हे दिवसातून कितीदा तरी. आणि मधूनच त्याच्या आठवणीने रडते. मग घरातले चिडतात, 'एवढा मार खाऊनही?' म्हणतात.

तिला कुणी कमकुवत म्हटलं की मला सहन होत नाही. त्याच्या चपला काढण्याच्या आवाजावरून त्याचा मूड ओळखायचा, भांडण पेटायच्या आत माफी मागून मोकळं व्हायचं, मुलीला लवकर झोपवायचं, यावरच ती तिथे तगली. पण आता आमच्याशीही ती तशीच वागते. आवाज जरा चढला की माफी मागते.

एका डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहून दिली, झोप का उडाली हे विचारलंच नाही. काका म्हणतात, संसारात भांड्याला भांडं लागायचंच, दोघांना एकत्र समुपदेशनाला बसवा. बसवावं का? पुण्यात हिंसेचा विषय समजणारं कोण आहे? आणि ती रडते तेव्हा मी नेमकं काय बोलू? कृपया अनुभवी लोकांनी सांगावं.

प्रतिसाद

ताई, मी अशा बायकांसोबत काम करते. एकत्र अजिबात बसवू नका. ज्याची भीती आहे त्याच्यासमोर ती खरं बोलणार कशी? बोललीच तर त्याची किंमत तिलाच मोजावी लागते. बाई घर सोडते त्यानंतरचा काळ जास्त धोक्याचा असतो, त्यामुळे तिचं येणं-जाणं, मुलीची शाळा यांची माहिती नातेवाइकांमार्फत तिकडे पोचू देऊ नका. धोका वाटला तर पोलिसांना ११२ वर फोन करा.

दचकणं, झोप उडणं, स्वतःला दोष देणं हे अशा छळानंतर खूप जणींना होतं आणि त्यावर उपचार आहेत. ससून रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवा. नारी समता मंचाचं 'बोलते व्हा' केंद्र याच कामासाठी आहे, तिथे चौकशी करा. रात्री-बेरात्री टेलीमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात. महिला हेल्पलाइन १८१.

त्याची आठवण येते म्हणून रागावू नका. जिथे मार होता तिथेच काही चांगले दिवसही होते, त्यांचं दुःख ती करणारच. सल्ले नकोत. 'तुझं चुकलं नाही, माझा तुझ्यावर विश्वास आहे' एवढं पुरतं. हिशोबाचा कागद काढून घेऊ नका, भीती ओसरली की तीच लिहायचं सोडेल. आणि जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात का, हे स्पष्ट विचारा. विचारल्याने ते डोक्यात भरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते.

उपचारांचे कागद जपा. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २२ खाली मानसिक छळाची भरपाईही मागता येते, वकीलबाईंना दाखवा.

धागाकर्ती

मनापासून आभार. काकांना आजच स्पष्ट सांगते. ससूनला या आठवड्यात नेते, तिची तयारी आहे. अजून एक: मुलगी रात्री अंथरूण ओलं करायला लागली आहे, पूर्वी नव्हतं. तिला वेगळं बालमानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावं, की आधी आईचे उपचार सुरू होऊ द्यावेत?