विषय: लेकीला स्पोर्ट्स कार हवी आहे, आणि हिवाळा तोंडावर आहे

प्रेषक: एक बाप, मिसिसॉगा

मंडळी, नमस्कार.

गणपतीच्या जेवणाच्या पंगतीत हा विषय निघाला होता, तेव्हा दोघं-तिघं म्हणाले, "मंडळाच्या ईमेल यादीवर टाका." म्हणून टाकतोय.

मुलीचं शिक्षण संपलं, वॉटर्लूला नोकरी लागली. आठवड्यातून तीन दिवस ऑफिस, बाकी घरून. एका बाजूनं नव्वदेक किलोमीटर, बहुतेक सगळं ४०१ हायवेवरून. गो ट्रेनच्या वेळा तिच्या कामाच्या वेळांशी जुळत नाहीत. "पदवी मिळाली की गाडी" असा शब्द मी तिला ती अकरावीत असताना देऊन बसलोय. तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर टोयोटाची उंच एसयूव्ही, रॅव्ह-४ होती.

तिनं बोट ठेवलंय सुबारू बीआरझेडवर. २०२२ चं मॉडेल, वापरलेली, ४१ हजार किलोमीटर झालेली, निळी. दोन दारं, जमिनीला टेकल्यासारखी बसकी, मागच्या चाकांवर चालणारी. मागच्या सीटवर मी बसून पाहिलं. बसलो म्हणजे काय, मला घडी घालून ठेवला.

पैशांचं ठीक आहे, रॅव्हपेक्षा स्वस्तच पडते. प्रश्न बर्फाचा. मिल्टनच्या पुढे ४०१ एस्कार्पमेंट चढते, आपल्या भाषेत घाटच. खाली मिसिसॉगात नुसती भुरभुर असते आणि वर कॅम्पबेलव्हिलला पुढची गाडी दिसत नाही, हे ज्यांनी तो रस्ता केलाय त्यांना माहीत आहे. असल्या रस्त्यावर ही गाडी? अनुभव असलेल्यांनी लिहावं. तिला समजावायला मला मुद्दे हवेत.

बायको या विषयावर काही बोलत नाही. त्याचीच जास्त भीती वाटते.

प्रेषक: ब्रॅम्प्टनचे आजोबा

मी ७५ च्या जानेवारीत टोरांटोला उतरलो. पायात बाटाचे बूट, अंगात स्वेटर. पहिली गाडी सेकंडहँड प्लिमथ व्हॅलियंट. त्या काळी इथल्या रस्त्यावरची जवळजवळ प्रत्येक गाडी मागच्याच चाकांवर चालायची. नोव्हेंबर आला की डिकीत वाळूची दोन पोती टाकायची, म्हणजे मागची चाकं जमिनीला धरून राहतात. कुठे रुतलंच तर पोतं फोडून तीच वाळू चाकाखाली. अख्खा देश असाच कामावर जायचा.

आणि तुम्ही तरी देशात काय चालवत होतात? फियाटच ना? फियाट काय, अँबॅसडर काय, दोन्ही मागच्या चाकांच्या. त्याच गाडीनं तुम्ही भर पावसात कसारा चढलात, ते आम्हाला दर पिकनिकला ऐकवता.

याचा अर्थ गाडी घ्याच असा नाही. पोती टाकूनही मी दोनदा खड्ड्यात गेलोय.

प्रेषक: स्कारबरोची काकू

आमच्या समोरच्यांच्या मुलानं मस्टँग घेतली होती. नोव्हेंबर ते एप्रिल ती ड्राइव्हवेत ताडपत्री पांघरून असते आणि तो आईची गाडी नेतो. मग आई बसनं जाते. एवढंच सांगायचं होतं.

प्रेषक: मॉन्ट्रियलची मावशी

मी आता तुमच्या मंडळात नाही, पण यादीवरून नाव काढलेलं नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे क्युबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्यानंच सक्तीचे आहेत. मग गाडी कुठलीही असो. तुमच्या ओंटारियोत सक्ती नाही, म्हणून तुम्ही लोक दर वर्षी "ऑल-सीझन आहेत ना" यावर वाद घालत बसता. तुमच्याकडे २०१६ पासून विमा कंपन्यांना विंटर टायर लावणाऱ्यांना सूट द्यावी लागते. ती तरी मागून घेता का?

गाडीत फावडं, ब्लँकेट, मेणबत्ती आणि मांजराच्या शीची वाळू ठेवायला सांगा. चाक रुतलं की ती वाळू चाकाखाली टाकायची. आणि चिवडा. चिवडा गोठत नाही.

प्रेषक: गॅरेजवाला दादा, हॅमिल्टन

काका, मी टायरचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बीआरझेडच्या वरच्या मॉडेलवर कंपनीकडूनच उन्हाळी टायर येतात. उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं. जानेवारीत कुणी असली गाडी आणली की मी त्यांना टायरवर अंगठा दाबून बघायला सांगतो. प्लास्टिकच्या बादलीवर दाबल्यासारखं वाटतं. शेजारी विंटर टायर ठेवलेला असतो, त्यावर दाबा म्हटलं की नख रुततं. बर्फात घसरलेल्या स्पोर्ट्स कारच्या गोष्टी तुम्ही ऐकता ना, त्यांतल्या बऱ्याच या बादलीवाल्या असतात. लोक गाडीला शिव्या घालतात. त्या टायरवर रॅव्हसुद्धा घसरेल.

दुसरं. ऑल-व्हील ड्राइव्ह निघायला मदत करतो, थांबायला नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांच्या चारी चाकांना असतात. पहिल्या मोठ्या बर्फाला ४०१ च्या कडेला खड्ड्यात कुठल्या गाड्या असतात, एकदा मोजत जा. एसयूव्हीच जास्त दिसतील, कारण सिग्नलवरून त्या झोकात निघतात आणि माणसाला वाटतं की रस्ता चांगला आहे.

आता दुसरी बाजू. मी गाडी विकत नाही, त्यामुळे खरं तेच सांगतो. बीआरझेडचं पोट जमिनीपासून जेमतेम १३ सेंटिमीटर. हायवेवर बर्फ बाजूला सारणारा नांगर आधी फिरतो, तिथे अडचण येत नाही. अडचण तुमच्या गल्लीत. रात्रीत २० सेंटिमीटर पडला आणि गल्ली साफ झाली नाही, तर ही गाडी पोटानं बर्फ ढकलत जाईल आणि कुठेतरी बसेल. नांगर जाताना ड्राइव्हवेच्या तोंडाशी जो बांध घालून जातो, तो पहाटे फोडल्याशिवाय ती बाहेर निघणार नाही. फोडणार कोण, ते आधी ठरवा.

घेतलीच तर चार विंटर टायर वेगळ्या रिमवर घ्या, १८ ऐवजी १७ इंची. टायरची बाजू उंच मिळते, खड्ड्यात रिम वाचते. बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, असं चिन्ह आहे ना ते बघून घ्या. नुसतं एम-एस (मड अँड स्नो) लिहिलेलं चालणार नाही. आणि चारही बदला. मागे एक जण "फक्त मागचे दोन लावा, मागच्याच चाकांवर चालते ना" म्हणत आले होते. पुढची चाकं वळायला आणि थांबायला लागतात, हे त्यांना समजावण्यात माझा चहा गार झाला.

प्रेषक: चिऊ

सगळ्या काका-काकूंना नमस्कार. मीही या यादीवर आहे, हे बाबा विसरला असावा. मराठी शाळेच्या पालकांना मेल पाठवायला तुम्हीच मला घेतलं होतं.

बाबा, आपण कॅनडात आलो त्या वर्षीचा डिसेंबर आठव. मी बारा वर्षांची. मंडळाच्या पॉटलकला चाललो होतो. ४०३ हायवेवरून उतरताना रॅम्पवर आपली गाडी गर्रकन फिरली आणि आलो त्या दिशेला तोंड करून थांबली. मी मागे होते, मांडीवर बटाट्याच्या रश्श्याचं पातेलं. तो अर्धा माझ्या कोटावर आला. ती स्पोर्ट्स कार नव्हती, बाबा. चार दारांची, पुढच्या चाकांवर चालणारी, अगदी शहाण्या माणसाची सेडान होती. टायर ऑल-सीझन आणि तेही झिजलेले. हळदीचा डाग त्या कोटावर शेवटपर्यंत राहिला.

दुसरं, तू जी रॅव्ह-४ प्राइम मला दाखवत होतास, तिची ताकद ३०२ हॉर्सपॉवर आहे. बीआरझेडची २२८. तुला ताकदीची भीती असेल तर तू मला जास्त ताकदीची गाडी घेऊन देत होतास. ती उंच आहे म्हणून तुला साधी वाटली.

दादाचं सगळं मान्य. १७ इंची रिम आणि चार विंटर टायर माझ्या पहिल्या दोन पगारांतून. विम्याचा हप्ता माझा. ड्राइव्हवेचा बांध मी फोडीन (आत्तापर्यंत कोण फोडत होतं?). वादळाचा इशारा असेल त्या दिवशी घरून काम, मॅनेजरशी बोलून झालंय. निघायच्या आधी ५११ या रस्त्यांच्या माहितीसेवेवर रस्ता बघीन. पहिला बर्फ पडला की रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये बाबाच्या देखत सराव करीन आणि त्याला पटलं नाही तर त्या हिवाळ्यात ती गाडी ४०१ वर नेणार नाही.

लहान मुलींच्या हातात निळी गाडी असते तेव्हा कुणी काही म्हणत नाही. मी जरा उशिरा मागितली, एवढंच.

प्रेषक: चिऊची आई

एकाच घरातली माणसं यादीवर बोलतायत, तर मीही इथेच बोलते.

मिल्टन चढताना काय होतं, मला माहीत नाही. मला आमच्या गॅरेजच्या दाराचा आवाज माहीत आहे. ती कुठल्याही गाडीतून येवो, ते दार वाजेपर्यंत मी जागीच असते. बाबा घोरतो. रॅव्ह घेतली म्हणून मला झोप लागणार नाही. त्यामुळे माझ्या झोपेचं कारण कुणी पुढे करू नये.

माझ्या अटी दोन. गाडी दसऱ्याला घरी आली पाहिजे, पितृपक्षात नाही. आणि ऑक्टोबरच्या थँक्सगिव्हिंगला टायर बदलायचे, पहिला बर्फ पडेपर्यंत थांबायचं नाही. तेव्हा सगळा गावच दादाच्या दारात उभा असतो.

मागच्या सीटवर मी बसणार नाही. तिथे भाजीच्या पिशव्या ठेवाव्यात.

प्रेषक: मंडळ सचिव

सभासदांस नम्र विनंती. कोजागिरीच्या मसाला दुधासाठी आजपर्यंत ११ जणांनी नावं दिली आहेत. या धाग्यावर मात्र सगळं मंडळ जागं आहे. दुधाचा अंदाज रविवारपर्यंत द्यायचा आहे. कृपया.

(माझ्याकडे २०१४ पासून मागच्या चाकांची गाडी आहे. विंटर टायरवर. आजवर काही झालेलं नाही. हे सचिव म्हणून नाही.)

प्रेषक: एक बाप, मिसिसॉगा
विषय: पहिल्या बर्फाचा अहवाल

मंडळी, डिसेंबर उजाडला, बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून लिहितो.

गाडी दसऱ्याला आली. ड्राइव्हवेवर हळदकुंकू, नारळ, चारही चाकांखाली लिंबं. थँक्सगिव्हिंगला दादानं टायर बदलले, तेव्हा बायको विचारत होती की लिंबं त्या जुन्या चाकांखाली ठेवली होती, मग ती यांना लागू पडतात का. दादा म्हणाला, "काकू, चिन्हाचा डोंगर आहे ना, मग झालं." शेवटी नवीन लिंबं ठेवलीच.

काल रात्री पहिला बरा बर्फ पडला, सात-आठ सेंटिमीटर. आज रविवार. सकाळी सातला मॉलच्या मागच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये गेलो. मी शेजारी, दाराची मूठ घट्ट धरून.

आधी तिनं तीसच्या वेगात ब्रेक दाबून ठेवला. पायाखाली कडकड-कडकड झालं, पेडल आपणहून थरथरायला लागलं, आणि गाडी सरळ थांबली. मी म्हटलं, मोडलं काहीतरी. म्हणाली, "हे एबीएस आहे, चाकं जाम होऊ देत नाही. हे होऊ द्यायचं, पाय काढायचा नाही." चौदा वर्षं या देशात गाडी चालवतोय, पण ते थरथरणं मी दर वेळी घाबरून पाय उचलूनच संपवत आलो होतो.

मग तिनं गाडीचा आपोआप सावरणारा तो स्टॅबिलिटी कंट्रोल बंद केला आणि वळणावर मुद्दाम गॅस दिला. मागचा भाग बाहेर जायला लागला. माझं पोट त्याच्याबरोबर. तिनं पाय हलका केला, स्टीअरिंग गाडी जिकडे घसरत होती तिकडे जरा फिरवलं, नजर मात्र जायचं होतं तिथेच, आणि गाडी मांजरासारखी पायांवर आली. असं चार वेळा. नंतर कंट्रोल चालू करून तेच केलं, तर गाडीनं ते होऊच दिलं नाही, मधेच गॅस काढून घेतला. ही सोय कॅनडात २०११ च्या सप्टेंबरपासून बनलेल्या प्रत्येक नव्या गाडीत सक्तीची आहे. रॅम्पवर फिरलेली आमची ती जुनी सेडान त्याच्या आधीची.

मग ती म्हणाली, "बस आता इकडे."

बसलो. खाली म्हणजे किती खाली, फियाटपेक्षाही. पहिल्या वळणावर मी पाय उचलायला उशीर केला आणि गाडी पूर्ण फिरली. आसपास काही नव्हतं, नुसता बर्फ उडाला. दुसऱ्यांदा अर्धी फिरली. तिसऱ्यांदा जमलं. चौथं मी निव्वळ आवडलं म्हणून केलं. पाचवं सांगत नाही. साडेआठ कधी वाजले कळलं नाही. घरून फोन, दूध संपलंय.

तर उद्यापासून तिला ४०१ ची परवानगी दिली आहे. ज्यांनी ज्यांनी लिहिलं, त्यांचे आभार. येताना दूध घेऊन आलो, थोड्या लांबच्या दुकानातून. बायकोनं घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि दुधाची पिशवी घेतली.

प्रेषक: चिऊ

बाबा, उद्या सकाळी मला ऑफिस आहे. सीट पुढे घेऊन ठेव. आणि टाकी भर.