हिमोफिलियावरील जीन थेरपी : वेल्लोरचा उपचार भाच्याला मिळेल का?

प्रश्न (वाळपई)
माझ्या १४ वर्षांच्या भाच्याला तीव्र हिमोफिलिया ए आहे, म्हणजे रक्त गोठवणारे फॅक्टर ८ हे प्रथिन त्याच्या शरीरात जवळजवळ तयारच होत नाही. चतुर्थीला माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधून स्टुलावरून उतरताना त्याचा डावा गुडघा जरासा मुरगळला आणि रात्रीपर्यंत नारळाएवढा सुजला. पहाटे गाडी करून फॅक्टर ८ च्या इंजेक्शनसाठी बांबोळीचे सरकारी इस्पितळ गाठले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. आलोक श्रीवास्तव यांनी जीन थेरपीने रुग्णांचा रक्तस्राव थांबवल्याचे वाचनात आले. त्याचे नाव तिथे नोंदवावे का?

प्रतिसाद (मडगाव, डॉक्टर)
हे काम खरे आहे आणि मोलाचेही आहे. डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत २२ ते ४१ वर्षे वयाचे ५ रुग्ण होते आणि नव्या पेशी रुजल्यानंतर एकालाही रक्तस्राव झाला नाही. लंडनच्या डॉ. अमित नाथवानी यांच्या चमूने २०११ मध्ये हिमोफिलिया बी च्या (यात फॅक्टर ९ कमी असतो) ६ रुग्णांवर जी पद्धत यशस्वी करून दाखवली, तिच्यात एएव्ही हा विषाणू निरोगी जनुक यकृतात पोहोचवतो. पण ज्यांच्या रक्तात त्याविरुद्धची प्रतिपिंडे आधीच आहेत त्यांना ती सहसा देता येत नाही, आणि मुलाचे यकृत वाढताना पेशी विभागत गेल्या की जनुक विरळ होत जाते. वेल्लोरला रुग्णाच्याच रक्तातील मूळपेशी काढून, लेंटिव्हायरस या दुसऱ्या प्रकारच्या विषाणूच्या साहाय्याने त्यांच्या जनुकसंचात फॅक्टर ८ चे जनुक बसवून त्या परत दिल्या गेल्या, त्यामुळे पेशी विभागली तरी जनुक सोबत जाते. मात्र नव्या पेशींना जागा व्हावी म्हणून आधी केमोथेरपीने अस्थिमज्जा रिकामी करावी लागते. त्या काळात जंतुसंसर्गाचा धोका असतो, पुढे वंध्यत्वाचाही. वाढत्या वयाच्या मुलासाठी आज मी हा मार्ग सुचवणार नाही.

प्रतिसाद (पेडणे, रुग्ण, वय ४३)
माझा उजवा कोपर आज पूर्ण सरळ होत नाही, कारण लहानपणी सूज आली की बर्फ लावून ती ओसरण्याची वाट पाहण्यापलीकडे घरच्यांच्या हाती काही नव्हते. एकदा तर एका दवाखान्यात तापासाठी दंडात स्नायूतले इंजेक्शन दिले आणि आठवडाभर हात काळानिळा राहिला, तेव्हा भाच्याचा आजार प्रत्येक ठिकाणी आधी सांगा. रक्तस्राव होण्याची वाट न पाहता नियमित फॅक्टर किंवा त्वचेखाली घ्यायचे, फॅक्टर ८ चे काम करणारे एमिसिझुमॅब हे औषध मिळेल का, हे डॉक्टरांना विचारा. फॅक्टरविरोधी प्रतिपिंडांची, म्हणजे इन्हिबिटरची, तपासणीही करून घ्या. नवा उपचार येईल तेव्हा येवो, पण झिजलेला सांधा तो भरून देणार नाही. सूज उतरली की फिजिओथेरपी चुकवू नका.

मूळ प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. पुढच्या भेटीत नियमित उपचाराचे आणि इन्हिबिटरचे विचारतो. भाच्याची ९ वर्षांची बहीण या आजाराची वाहक असू शकते हे आता ध्यानात आले, तर तिची फॅक्टर पातळी याच वयात तपासावी का?

प्रतिसाद (मडगाव, डॉक्टर)
होय, आताच तपासा. काही वाहक मुलींचीही पातळी कमी असते, आणि दात काढण्यापूर्वी किंवा पाळी सुरू होण्यापूर्वी ते ठाऊक असलेले बरे.