श्रद्धेनं, पॉझिटिव्ह विचारानं तुम्हाला कुठं हात दिला? आपल्या मराठवाड्यातल्या लोकांनी सांगा

बीडकर ताई
नमस्कार मंडळी. माझी मावसबहीण पोलीस भरती करतीय, यादीत नाव आलं नाही तेव्हापासून घरात कोणाशी धड बोलेना झालीय. तिला वाचून दाखवायला खरे अनुभव पाहिजेत. मनापासून मागितलं की मिळतंच असले फॉरवर्ड तिच्या मोबाईलमधे ढिगानं आहेत, ते नकोत. कशावर भरवसा ठेवला आणि त्या भरवशावर रोज उठून काय केलं, ते लिहा.

सुरुवात आपल्या आष्टीच्या पोरापासून करते. अविनाश साबळे, मांडवा गावचा. आर्मीत गेला, सियाचीनला ड्युटी केली, आणि स्टीपलचेस, म्हणजे अडथळे ओलांडत पळायची शर्यत, पळायला लागला तो त्याच्यानंतर. कॉमनवेल्थला ह्या शर्यतीत 1998 पासून तिन्ही मेडलं केनियाच उचलायचं, 2022 ला बर्मिंगहॅमला ह्यानं 8 मिनिटं 11.20 सेकंदात सिल्वर काढलं, गोल्ड हुकलं फक्त 0.05 सेकंदानं. पुढच्या वर्षी एशियन गेम्सचं गोल्ड आणलं. आपल्या दुष्काळी भागातल्या पोराला केनियावाल्यांना गाठता येईल हे मनात यायलाच किती हिंमत लागली असंल.

माजलगावची लेक
ताई तुमच्या बहिणीसाठी लिहायलेय. माझे माय-बाप ऊसतोडीला जायचे, दिवाळी झाली की मुकादमाची गाडी दारात, मी आज्जीपाशी राहायचे. माय जाताना एकच म्हणायची, माझ्या लेकीच्या हातात कोयता येणार नाही. दरवर्षी तेच. आज्जीची येरमाळ्याच्या येडामायवर लई श्रद्धा, चैत्री यात्रेला जाऊन चुनखडी वेचायची आणि माझ्या नावानं काय काय पुटपुटायची देव जाणे.

पहिल्या भरतीत मी गोळ्यात मार खाल्ला. पळण्यात बरी होते पण गोळा जायचाच नाही. मग गावातल्या एका रिटायर फौजी काकांनी बघितलं आणि म्हणले, पोरी तू फेकायलीस, गोळा फेकायचा नसतो, ढकलायचा असतो. मानेला चिटकवून धर, कोपर खाली पडू देऊ नको, आणि जोर दंडातून नाही, मागच्या पायातून येऊ दे. बायकांचा गोळा 4 किलोचा असतो, आमच्याकडं तो पण नव्हता, किराणा दुकानात तोलून तेवढ्याच वजनाचा गोल दगड निवडला. आज्जीनं त्या दगडाला हळदकुंकू लावलं. पोरं हसली असतील, मला मात्र रोज सकाळी तो उचलताना वाटायचं की घरचे सगळे माझ्यासंगं ग्राऊंडवर आलेत. आता वर्दीत आहे. माय गेल्या सीझनपासून तोडीला गेली नाही.

औशाचा इंजिनिअर
आमचं गाव किल्लारीच्या अंगाला. 30 सप्टेंबर 1993, आदल्या रात्री गणपती बुडवून लोक उशिरा झोपलेले आणि पहाटे चारच्या आत सगळं खाली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाची माती, माणसं त्याच्याखालीच गेली, आमची पण दोन गेली. अप्पांनी पत्र्याच्या शेडमधे राहून त्याच रब्बीला ज्वारी पेरली. लोक म्हणायचे कोणासाठी पेरायलास, ते म्हणायचे लेकरं हायेत की अजून, खातील. देवाला त्यांनी एक दिवस शिवी दिली नाही, पांडुरंगाची माळ पण काढली नाही. पडणार नाहीत अशी घरं बांधायची हे मी त्या शेडमधेच ठरवलं. आज साईटवर भिंतीतला काँक्रीटचा पट्टा, कोपऱ्यातली सळई स्वतः बघितल्याशिवाय पुढचं काम करू देत नाही.

लातूरचा रिपीटर
थोडं वेगळं लिहितो, राग मानू नका. मेडिकलच्या नीट परीक्षेची तयारी करायचो, आमच्या होस्टेलला भिंतीवर 720 पैकी 680 असं लिहून रोज त्याच्याकडं बघायला सांगायचे. बघून इतकं भारी वाटायचं की जणू नंबर लागलाच, आणि मग बायोलॉजी उघडायचा कंटाळा. नंतर वाचलं की गाब्रिएले एटिंगेन नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ह्याच्यावरच संशोधन केलंय, नुसतं गोड स्वप्न बघितलं की अंगातला जोर कमी होतो, स्वप्न आणि आडवी येणारी अडचण दोन्ही समोर ठेवली तर माणूस कामाला लागतो. मी भिंतीवरचा आकडा काढला आणि टेस्टमधे चुकलेले प्रश्न लिहायची वही केली. नीटमधे बरोबरला 4 आणि चुकलं की 1 मायनस, त्यामुळं अंदाजानं टिक केलेले प्रश्नच मला खात होते, ते वहीत दिसलं. आईचे गुरुवार चालूच होते, पेपरच्या दिवशी तिनं लावलेला अंगारा मी पुसला नाही, त्यानं हात थरथरायचा थांबला हे खरंय.

एकच विनंती. ज्याचा नंबर लागला नाही त्याला तुझी श्रद्धा कमी पडली असं कोणी म्हणू नका. माझा रूममेट माझ्यापेक्षा जास्त देव देव करायचा आणि अभ्यासही करायचा, त्याचं झालं नाही. त्या वाक्यानं तो जेवढा खचला तेवढा रिझल्टनं नव्हता खचला.

नांदेडहून एक आई
पोराच्या ऑपरेशनच्या वेळी रोज सचखंड गुरुद्वाऱ्यात जाऊन लंगरला पोळ्या लाटायचे. आम्ही शीख नाहीत, कोणी विचारलंही नाही. हाताला काम असलं की डोक्यातलं वाईट थांबायचं. पोरगा बरा आहे.

बीडकर ताई
लातूरच्या दादा, तुमची विनंती मी घरात मोठ्यानं वाचून दाखवली, कारण आमच्याकडं पण तेच बोलणं चालू होतं. माजलगावच्या ताई, बहिणीनं स्वतः विचारलंय, गोळ्याची प्रॅक्टिस पळायच्या आधी करायची का नंतर?

माजलगावची लेक
आधी. वॉर्मअप करून लगेच, पाय ताजे असताना. तिला म्हणावं मेसेज कर, मी सुट्टीला आले की दोघी जाऊ ग्राऊंडला.